डावा कान

पुण्यात पेठेतल्या आमच्या छोट्याशा दुकानात मी आयुष्यभर सोन्याचं काम केलं. मंगळसूत्राच्या वाट्या बसवल्या, तुटक्या साखळ्या जोडल्या, त्यांचे सैल झालेले फासे बदलले. पण आजूबाजूच्या गल्ल्यांत माझी ओळख होती ती कान टोचणारा म्हणून. बाया तान्ही बाळं घेऊन दुकानाची पायरी चढायच्या, आणि बाळानं रडायला तोंड उघडेपर्यंत सोन्याची तार कानातून पलीकडे गेलेली असायची. एखादा थेंब रक्त यायचं, मी त्यावर हळद-खोबरेल लावायचो, बाळ आईच्या पदराआड जायचं आणि विषय संपायचा. मला या हाताचा गर्व होता. अजूनही आहे. माणसाला एखादी गोष्ट चांगली येत असली तर उगाच विनय कशाला दाखवायचा.

माझ्या बायकोला हा गर्व मुळीच मान्य नाही. तिच्याविषयी लिहिताना मी तिला 'ही' म्हणणार आहे, कारण बोलतानाही तेच म्हणतो. हिचं म्हणणं असं, की टोचण्यात काय आहे, टोचताना बाळ धरण्यात खरी कला आहे. आमच्या मुलीचे कान मी टोचले तेव्हा हिनं तिला धरलं होतं, आणि ती रडली नाही याचं श्रेय कुणाचं हा वाद आमच्यात अजून मिटलेला नाही.

ती मुलगी पुढे लग्न होऊन जावयाबरोबर न्यूझीलंडला गेली. दोघंही कॉम्प्युटरवाले. हॅमिल्टनच्या उत्तरेला रोटोटुना नावाची नवी वस्ती आहे, तिथे त्यांनी घर घेतलं. दोन हजार तेराच्या हिवाळ्यात तिचं बाळंतपण होतं. तिथला हिवाळा म्हणजे आपले आषाढ-श्रावण, हे पटवून घेण्यातच हिचे बरेच दिवस गेले. बाळंतिणीला शेक कसा मिळणार, बाळाचे कपडे वाळणार कुठे, याच विवंचनेत ती बॅग भरायची आणि पुन्हा रिकामी करायची.

तिकडची पद्धत अशी, की बाळंतपणाचं सगळं एक मिडवाइफ बघते. दिवस राहिल्यापासून बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत तीच तपासते आणि तीच घरी येऊन चौकशी करते. एका रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलीनं सांगितलं, की मिडवाइफनं एक गोष्ट ठरवायला सांगितली आहे. बाळ जन्मलं की तिथे त्याच्या मांडीत व्हिटॅमिन केचं एक इंजेक्शन देतात. रक्त गोठायला ते लागतं आणि नव्या बाळाच्या अंगात ते फार कमी असतं. इंजेक्शन नको असेल तर तोंडात थेंब देता येतात, पण ते काही काही दिवसांनी पुन्हा द्यावे लागतात. मिडवाइफचं म्हणणं इंजेक्शन द्यावं असंच होतं, पण शेवटी ठरवायचं आईबापांनी.

आमचा जावई चहाची किटली घेतानासुद्धा आधी आठवडाभर वाचतो. यावर त्यानं इतकं वाचलं होतं, की त्याला दोन्ही बाजू पटल्या होत्या. तो कॅमेऱ्यासमोर चष्मा पुसत बसला. मग ही पुढे सरकली आणि म्हणाली, "आईच्या दुधात सगळं असतं. आल्या आल्या त्या इवल्या जिवाला सुई कसली टोचता?"

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो, कारण आमच्या घरात आईच्या दुधाविरुद्ध बोलायची कुणाची छाती नव्हती. मुलीला ते ऐकून बरंच वाटलं असावं. तिलाही त्या सुईची धास्ती होतीच. बाळ झाल्यावर मिडवाइफनं पुन्हा एकदा विचारलं, तेव्हा दोघांनी नको म्हणून सांगितलं आणि मुलीनं सही केली.

आमच्या व्हिसाचं काम रखडलं आणि बाळंतपण आमच्याशिवाय झालं. मुलगी झाली. बारसंही आम्ही पुण्यातून पाहिलं. हिनं नऊवारी नेसून, पडद्यासमोर बसून पाळणा म्हटला, आणि मधेच चित्र थिजलं तरी थांबली नाही. तिकडे नाव ठेवून पेढे वाटून झाले तरी इकडे हिची दोन कडवी बाकी होती.

आम्ही पोहोचलो तेव्हा बाळ महिन्याचं व्हायला आलं होतं. ऑकलंडच्या विमानतळावर हिच्या बॅगेतले अळीव अडवले. अधिकाऱ्यानं पिशवी दिव्यासमोर धरली, बिया आहेत म्हणून बाजूला ठेवली. ही त्याला मराठीतून अळिवाचे गुण समजावून सांगत होती आणि तो अत्यंत नम्रपणे मान हलवत होता. पिशवी काही परत मिळाली नाही. माझ्या पाकिटात कागदाच्या पुडीत गुंडाळलेली सोन्याची तार होती, तिच्याकडे मात्र कुणी पाहिलंही नाही.

घरी पोहोचताच हिनं बाळाचा ताबा घेतला. दुसऱ्या दिवसापासून न्हाणीघरात हीटर लावून, पाटावर बसून, दोन्ही पाय लांब पसरून, त्यावर नातीला पालथी घालून तिचं तेलपाणी सुरू झालं. आंघोळ झाली की धुरी, मग कोमट खोबरेलाची वाटी जवळ घेऊन टाळूवर बोटानं थेंब थेंब तेल जिरवायचं. टाळू भरली की बाळाला झोप चांगली लागते, असं ती माझ्याकडे बघून म्हणायची, जणू मी विरोध केला होता. तेवढा वेळ तिच्या तोंडाचा पट्टा अखंड चालू असायचा, आणि नात डोळे मोठे करून सगळं ऐकून घ्यायची. घरात हिचं इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मिडवाइफ मला पहिल्या भेटीतच आवडली. माओरी बाई, पन्नाशीची, अंगानं भरलेली, हसली की घरभर ऐकू जायचं. ऐन थंडीत पायात रबरी चपला, ज्यांना तिकडे जँडल्स म्हणतात. दारातूनच ती 'किया ओरा' म्हणायची, म्हणजे त्यांच्या भाषेतला नमस्कार. दुसऱ्या भेटीपासून हीसुद्धा तिला 'किया ओरा' म्हणू लागली, तेही हात जोडून. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बाळ कसं धरावं, कसं ढेकर काढावं यावर त्यांचं तासन्‌तास चालायचं. बाळाची आंघोळ पाहून मिडवाइफ मुलीला म्हणाली होती, की असं कुणी मला रोज केलं तर मीसुद्धा रडणं सोडून देईन.

कान बाराव्या दिवशीच टोचायचे, पण तो हुकला होता. मग हिनं ठरवलं, सव्वा महिना झाला की टोचायचे. जावई म्हणाला, इथे फार्मसीत गननं टोचून मिळतात, पण इतक्या लहान बाळाचे टोचत नाहीत. कानाला बंदूक लावणाऱ्या लोकांशी मला काहीच बोलायचं नव्हतं. नातीच्या कानाला माझाच हात लागणार हे तिच्या जन्माआधीच ठरलेलं होतं. दुकान कायमचं बंद करताना मी फक्त तेवढी तार आणि बारीक पकड बरोबर ठेवली होती. मुलीची थोडी कुरकुर होती, पण आईच्या हट्टापुढे तिचं काय चालणार.

तो रविवार होता. समोरच्या मोठ्या काचेच्या सरकत्या दारातून छान ऊन आत आलं होतं. मी तार उकळून, स्पिरिटनं पुसून ठेवली. आमच्याकडे कान टोचणाऱ्या सोनाराला नारळ आणि शिधा द्यायचा मान असतो. हिनं तो मला दिला. घरचा असला म्हणून काय झालं, असं म्हणून तिनं प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला, इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ माझ्या हातात ठेवला, कपाळाला गंध लावलं आणि वर म्हणाली, की काम नीट झालं नाही तर नारळ परत घेईन. मग त्या दाराशी मांडी घालून बसली, नातीचं डोकं कोपराच्या वाकात धरलं आणि मला मानेनं खूण केली.

मुलींचा डावा कान आधी टोचतात. इतक्या पातळ पाळीला हात लावून मला काही वर्षं झाली होती, पण बोटांना सगळं आठवत होतं. तार गेली. नात एकदाच कळवळून रडली आणि गप्प झाली. हिनं माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, म्हणजे श्रेय कुणाचं ते ठरलंच. मी तारेला पीळ देऊन सुंकलं वळवलं, म्हणजे बाळाच्या कानात घालतात ती बारीक कडी, आणि कापसानं रक्त टिपलं. मग उजव्या कानासाठी दुसरी तार उचलली. वळून पाहिलं तर डाव्या कानाखाली पुन्हा थेंब होता.

तो पुसला, दुसरा आला. हळद दाबली. हळद भिजून लाल झाली. मी म्हटलं, होतं कधी कधी असं, दोन मिनिटं दाबून धरू. दाबून धरलं. बोट काढलं की पुन्हा पाळीच्या टोकाशी थेंब जमायचा आणि दुपट्यावर पडायचा. धार नव्हती. बघणाऱ्याला काही विशेष वाटलं नसतं. पण ते थांबत नव्हतं. उजवी तार मी परत पुडीत ठेवून दिली.

खरं सांगतो, मला आधी बाळाची नव्हे, माझ्या हाताची शंका आली. म्हातारपणी हात चुकला, नको तिथे टोचलं गेलं, असं वाटलं. मी सारखा माझ्या बोटांकडे बघत होतो.  ही हळूच म्हणाली, "शीर लागली का हो?" त्या आवाजात दोष नव्हता, आणि तेच मला सहन होईना. ती माझ्याशी भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दुपारची जेवणं तशीच राहिली. कापसाचे बोळे साठत गेले. नातीचं झबलं डागळलं म्हणून मुलगी ते बदलायला गेली, आणि तिला बाळाच्या बरगडीवर एक निळा डाग दिसला. बाळ पडलं नव्हतं, कुठे आपटलं नव्हतं.  तिनं लगेच मिडवाइफला फोन लावला. कान टोचल्याचं सांगितलं, डागाचं सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण मुलगी म्हणाली, नाही, आम्ही व्हिटॅमिन के दिलं नव्हतं. मग ती नुसती ऐकत राहिली. फोन ठेवून ती म्हणाली, "ताबडतोब हॉस्पिटलला निघा म्हणतेय. ती पुढे फोन करून ठेवतेय, आणि स्वतःही येतेय."

जावयानं गाडी काढली. ही मागे बाळाच्या खुर्चीशेजारी बसून कानाला कापूस लावून होती.

आम्ही पोहोचलो आणि पाठोपाठ मिडवाइफ आली. स्वतःच्या मुलाच्या रग्बीच्या मैदानावरून थेट निघाली होती, पायातल्या जँडल्स चिखलानं भरलेल्या. त्या लखलखीत फरशीवर पावलं उमटवत ती आमच्याआधी डॉक्टरांपर्यंत पोहोचली. ती नसती तर आम्ही कानाचं रक्त म्हणून रांगेत बसून राहिलो असतो, असं मला आजही वाटतं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी विचारलं, कान कुणी टोचला. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. मला वाटलं, आता इथे पोलीस येणार. त्यांनी मान हलवली आणि तार काढू नका एवढंच सांगितलं, काढली तर आणखी वाहील. मग तपासायला बाळाचं रक्त घेतलं. जिथे सुई टोचली होती, तिथूनही रक्त थांबेना. ते पाहिलं आणि माझी माझ्या हाताबद्दलची शंका गेली. तिच्या जागी जे आलं, ते फार वाईट होतं.

डॉक्टर सांगत गेले आणि मुलगी कोरड्या आवाजात आमच्यासाठी मराठीत सांगत गेली. बाळाचं रक्त गोठत नाहीये, कारण त्यात व्हिटॅमिन के नाही. आईच्या दुधासारखं दुसरं काही नाही, पण ही एकच गोष्ट त्यात फार थोडी असते. काही बाळांना त्या कमतरतेनं पुढे दोन-तीन महिन्यांपर्यंत केव्हाही रक्तस्राव होऊ शकतो. कानातून होतोय तो दिसतोय. खरी भीती डोक्यात होण्याची. तिथे झाला तर कळेपर्यंत उशीर होतो, मूल दगावतं किंवा जन्माचं अधू होतं. म्हणून औषध शिरेतून आत्ताच देतोय आणि डोकं आत्ताच बघतोय.

बाळाच्या डोक्याची सोनोग्राफी टाळूवरून करतात, हे मला तेव्हा कळलं. तिथे हाड जुळलेलं नसतं, त्यामुळे आतलं दिसतं. डॉक्टरांनी नातीच्या टाळूवर जेलीचा एक गोळा घातला आणि त्यावर यंत्राचं तोंड टेकवलं. हिनं माझा हात पकडला. "मी रोज तिथेच तेल भरते," ती म्हणाली. "तिथेच."

पडद्यावर राखाडी ढग हलत होते. डॉक्टर यंत्र कणभर सरकवायचे, थांबायचे, पुन्हा सरकवायचे. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मुलगी आणि जावई एकमेकांना धरून उभे होते. देवाचं नाव घ्यायचं मला सुचलं नाही, मी नुसता नातीच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होतो, कारण तो हलत होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, डोकं स्वच्छ आहे, आत कुठेही रक्त नाही. मुलगी मिडवाइफच्या खांद्यावर कोसळली आणि तिनं तिला चिखलाच्या कोटासकट मिठीत घेतलं.

औषध गेल्यावर काही तासांतच कानाचं रक्त कमी झालं, आणि मग एक कापूस पांढराच राहिला. मी तो फेकून देऊ दिला नाही, बराच वेळ खिशात ठेवला. डॉक्टर पुन्हा आले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून मुलीला काहीतरी सांगितलं. मोठ्या रक्तस्रावाआधी कधी कधी असा एखादा लहानसा होतो, लोकांचं त्याकडे लक्ष जात नाही. या वेळी गेलं. कान टोचला नसता तर आपल्याला इतक्यात काहीच कळलं नसतं.

माझ्या मनावरचा दगड उतरला. मी हिला शोधत बाहेर आलो, तर ती कॉरिडॉरच्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभी होती. "मी नको म्हणाले होते," ती म्हणाली. तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मागून मुलगी आली. तिनं आईला खांद्याला धरून वळवलं.

"आई, निर्णय आमचा होता. सही माझी आहे," ती म्हणाली. "आणि कान टोचायचा हट्ट कुणाचा होता? तो नसता तर आज आपण आरामात घरी असतो, आणि तिच्या डोक्यात काय होतंय ते आपल्याला समजलंसुद्धा नसतं."

हिनं ऐकलं, पण तिच्यापर्यंत ते पोहोचलं नाही.

बाळ बरं होऊन घरी आलं. ही मात्र घरात असून नसल्यासारखी झाली. स्वयंपाक करायची, मुलीला खायला घालायची, कपडे वाळत घालायची. बाळाला हात लावत नव्हती. कुणी मांडीवर आणून दिलं तर अंग आखडून बसायची आणि लगेच परत द्यायची. तेलपाणी बंद झालं. वाटी कट्ट्यावर पालथी पडून होती. लग्न झाल्यापासून मी हिची बडबड थोडी कमी व्हावी म्हणून देवाला साकडं घालत आलो, आणि आता ती थांबली तर घर खायला उठलं. मी मुद्दाम तिच्याशी वाद उकरून काढायचो. ती 'बरं' म्हणायची. हिच्या तोंडून 'बरं' ऐकून मला धडकी भरायची.

बाळ दीड महिन्याचं झालं आणि मिडवाइफ शेवटच्या भेटीला आली. वजन केलं, कान पाहिला, टाळूवरून हात फिरवला आणि मुलीला विचारलं, डोकं इतकं कोरडं का, तेल कुठे गेलं. मुलीनं स्वयंपाकघराकडे बघत हलक्या आवाजात सगळं सांगितलं. मिडवाइफनं ऐकून घेतलं. मग जँडल्स काढल्या, बाळाला उचललं आणि सरळ न्हाणीघरात जाऊन फरशीवर बसली. दोन्ही पाय पसरले आणि नातीला त्यावर आडवीतिडवी ठेवली. बाळ एका बाजूला घसरायला लागलं. ती दुसऱ्या बाजूनं सावरायला गेली तर मान लटकायला लागली. नातीनं भोकाड पसरलं.

"अगं, मान! मान धर आधी!" म्हणत ही आत धावली. तिनं बाळ हिसकावूनच घेतलं. पाट ओढला, साडी गुडघ्यापर्यंत घेतली, पाय पसरून बसली, आणि मला तेल गरम करायला फर्मावलं. मी पळत गेलो. परत आलो तेव्हा ही बाळाची पाठ चोळत मिडवाइफला मराठीतून झापत होती, इतकी वर्षं बाळंतपणं करतेस आणि तुला साधं पालथं घालता येत नाही. मिडवाइफ भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढी बाळं हाताळलेल्या बाईला मान धरता येत नसेल, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. निघताना ती हात जोडून 'नमस्कार' म्हणाली आणि हिनं तिला घट्ट मिठी मारली.

तेलपाणी पुन्हा सुरू झालं, तोंडाचा पट्टाही. पण उजव्या कानाचं नाव काढलं की ही उठून जायची. आमचा मुक्काम संपला, आम्ही पुण्याला परतलो, आणि नात डाव्या कानात एक सुंकलं घालून मोठी होऊ लागली. किंडरगार्टनमध्ये पोरांनी विचारलं तर ती आपण पायरेट असल्याचं सांगायची. तीन वर्षांनी तिला भाऊ झाला. आम्हाला फोन आला तेव्हा हिनं मुलगा की मुलगी हेही विचारलं नाही. "ती सुई दिली का?" एवढंच विचारलं. दिली आई, लगेच दिली, असं जावयानं दोनदा सांगितलं तेव्हा ही खुर्चीत बसली.

दोन हजार एकोणीस साली आम्ही पुन्हा गेलो. नात सहा वर्षांची झाली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं. तिला आता दोन्ही कानांत डूल हवे होते. मुलगी म्हणाली, फार्मसीत जाऊ. नात म्हणाली, "नो. आजोबा विल डू इट. अँड आजी होल्ड्स." तिला ती हकिकत माहीत होती. तिच्या आईनं ती कित्येकदा सांगितली होती, आणि त्या कानानं आपल्याला वाचवलं याचा तिला माझ्या हातापेक्षाही जास्त गर्व होता.

मी म्हटलं, आता माझा हात थरथरतो. ही खोलीत निघून गेली. माझ्या मनात आलं, संपला विषय. दुसऱ्या दिवशी सकाळी ही जावयाबरोबर कुठेशी जाऊन आली, आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नारळ होता.

त्याच काचेच्या दारापाशी, त्याच उन्हात ती मांडी घालून बसली. नातीचे लांबुडके पाय मांडीबाहेर पार जमिनीवर गेले होते. डोकं कोपराच्या वाकात धरून ही मला म्हणाली, "मनगट माझ्या हातावर टेकवा. मग नाही हलणार." मी टेकवलं. हिचा हातही हलत होता, पण दोघांचे मिळून बऱ्यापैकी स्थिर झाले. तार उजव्या पाळीतून पलीकडे गेली. नात रडली नाही.

एक थेंब आला. हिच्या हातात कापूस होता, पण तिनं तो लावला नाही. नुसती बघत राहिली. मीही बघत राहिलो. थेंब होता तेवढाच राहिला. खाली ओघळला नाही, वाढला नाही, हळूहळू कडेनं काळसर होत गेला.

"थांबलं," ही म्हणाली.

नातीला आरशाकडे पळायचं होतं. हिनं तिला सोडलं नाही. तिचं डोकं छातीशी घट्ट धरलं, आणि जिथे एके काळी टाळू होती तिथे तळहात ठेवून ही हमसून हमसून रडायला लागली. नात तिच्या हाताखालून माझ्याकडे बघत होती. "आजोबा, व्हाय इज शी क्रायिंग?" तिनं विचारलं. "इट डिडन्ट इव्हन हर्ट."

 मी माझा मानाचा नारळ उचलला आणि तो ठेवायला स्वयंपाकघरात गेलो.